माझ्याच हाताखाली बंद पडणारा लॅपटॉप

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लॅपटॉप आज पुन्हा बंद पडला. 'पुन्हा' हा शब्द गेल्या आठवड्यात इतका वापरला की शेवटी ठरवलं, तोंडी तक्रार पुरे, आता लिहून ठेवायचं. कोट कुठे ओढतो ते नुसतं बघून सापडत नाही, खडूने खूण करावी लागते. ही दैनंदिनी म्हणजे माझा खडू.

लॅपटॉप मूळचा लेकीचा. तिला तिच्या कचेरीने नवा दिला, तेव्हा हा आमच्याकडे आला. देताना म्हणाली, "बाबा, एकदम चांगला आहे, काहीही झालेलं नाही त्याला." मांडीत उसवलेली पँट आणणारं प्रत्येक गिऱ्हाईक अगदी हेच म्हणतं.

बिघाडाचं वर्णन असं. दुकानात कापणीच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडतो. चालू होतो. लिहायला हात टेकवतो आणि पडदा काळा. आवाज नाही, सूचना नाही. कडेचा बारीक दिवा तेवढा संथपणे उघडझाप करत राहतो, जणू मला डोळा मारतोय. बटण दाबलं की जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू, जसं काही झालंच नाही. निर्लज्जपणाची कमाल आहे.

एरवी मी त्याला गुंडाळून माळ्यावर टाकला असता. पण एकोणीस तारखेला माझी मुलाखत आहे. शिवणकामाच्या प्रशिक्षण केंद्राला कापणी शिकवणारा माणूस हवाय. जाहिरातीत लिहिलंय, 'प्रमाणपत्र किंवा तितकाच अनुभव.' त्या 'किंवा'वर माझी सगळी भिस्त आहे. मुलाखत लॅपटॉपवरून, एकमेकांना पडद्यावर बघत. त्यातच पुतळ्यावर कोट चढवून, टाचण्या लावून, खांद्याचा दोष काढून दाखवायचा. मधेच पडदा काळा झाला तर समिती काय म्हणेल? ज्याला स्वतःचं हत्यार सांभाळता येत नाही, तो पोरांना काय शिकवणार?

आणि नोकरी हवीच आहे. समोरच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं दुकान आल्यापासून माझ्याकडे येते ती फक्त पायमोड. लांब पँट आखूड करा, सैल कंबर घट्ट करा. मी कोट शिवणारा माणूस. जुने कोट विकत घेऊन, टाका न् टाका उसवून शिकलो. कोणी गुरू नाही, कोणाचा उपकार नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज नोंद घेण्यासारखा प्रकार घडला. दुपारी ही लॅपटॉप घेऊन बसली. लेकीशी गप्पा, मग कुठल्याशा बाईंच्या कुंडीतल्या झाडांचे व्हिडिओ. तास उलटला, लॅपटॉप हूं की चूं नाही.

मी म्हटलं, "तुझ्यासमोर बंद पडत नाही?"

"नाही बाई."

"एकदाही?"

"माझ्यासमोर कशाला बंद पडेल? मी काय त्याला घालून पाडून बोलते?"

ही माझी बायको दुकानात काजं, बटणं आणि तुरपाई बघते. यंत्रातलं तिला काही कळत नाही, पण यंत्रं तिचं ऐकतात. शिलाईयंत्राचंही तसंच आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज लॅपटॉप उघडला. म्हणजे झाकण नव्हे, पोट.

खरं तर यंत्र यंत्रच असतं. ज्याने शिलाईयंत्राचा शटल डोळे मिटून बसवलाय, त्याला लॅपटॉप काय अवघड? खालचे स्क्रू काढले. इतके बारीक की एखाद्याच्या हातून सहज हरवले असते. माझ्या नाही. माझ्याकडे मनगटी आहे.

मनगटीविषयी लिहायला हवं. इतर शिंपी मनगटावर कापसाची गादी बांधतात आणि त्यात टाचण्या खोचतात. खोचायला वेळ, उपटायला वेळ. मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, चामड्यात शिवलं, वर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड लावलं, खाली पट्टा. डाव्या मनगटावर बांधली की टाचणी नुसती भिरकावायची, ती जाऊन चिकटते. खाली पडलेल्या टाचण्यांवरून हात फिरवला की सगळ्या पोरींसारख्या उड्या मारत वर येतात. ही माझी स्वतःची कल्पना. नावही माझंच. मुलाखतीत ती दाखवायचीच आहे, तोच माझा हुकमी एक्का. दिवसभरात ती काढतो ते फक्त जेवायला आणि बाहेर जायला.

तर लॅपटॉपचे सगळे स्क्रू मनगटीवर ओळीने चिकटवले. आतला पंखा ब्रशने साफ केला. धूळ जेमतेम चिमूटभर निघाली. तरी समाधान वाटलं. जितके स्क्रू काढले तितकेच बसले, एकही उरला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

चालू केला, खुर्ची ओढली, हात टेकवला, बंद.

मी टेबलावर मूठ आपटली. ही आतून म्हणाली, "चहा ठेवू का?"

शनिवार, ८ फेब्रुवारी

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मनाविरुद्ध गेलो. त्याचं दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि वायरींचं जंगल. कपाळावर चष्मा, डोळ्यांवर दुसरा चष्मा. त्याने लॅपटॉप उघडला. मी त्याच्या शेजारी बसून चांगलं पानभर टाइप करून दाखवलं. एकदाही बंद पडला नाही.

"काका, चालतोय की हा."

"इथे चालतोय."

"मग तुमच्या दुकानात काय वेगळं असतं?"

"तेच काम, तोच मी."

त्याने खांदे उडवले. डावा खांदा त्याचा खाली आहे, शर्ट पाठीत ओढतो, कोणीतरी सांगायला हवं. म्हणाला, "ठेवून जा. पण काका, राग मानू नका, तुमच्याकडूनच काहीतरी होत असेल."

राग मी मानलाच. इतकी वर्षं गिऱ्हाइकाला असं तोंडावर म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही, मनात असूनही. लॅपटॉप मात्र ठेवून आलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लॅपटॉप परत आला. दुरुस्तीवाल्याने दिवसरात्र चालू ठेवला म्हणे, ठणठणीत. आतली सगळी व्यवस्था पुसून नवी घातली. घरी आणला, टेबलावर ठेवला, मनगटी बांधून कामाला बसलो. पहिलंच वाक्य लिहिताना बंद.

वैद्य समोर आला की ताप उतरतो आणि तो गेला की चढतो, तसा हा आजार. मला संशय आहे तो दुकानातल्या विजेचा. किंवा टेबलाचा. टेबल बरोबर माझ्या उंचीला बेतलेलं आहे, त्यामुळे टेबलाचा दोष असण्याची शक्यता कमी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लेकीने रंगीत तालीम घ्यायची ठरवली. तिकडे ती समिती, इकडे मी. पुतळ्यावर राखाडी कोट चढवला. ही पुतळ्यामागे उभी, तो हलू नये म्हणून.

लेक आवाज जाड करून म्हणाली, "हं, उमेदवार, आपला परिचय द्या."

मी परिचय द्यायला सुरुवात केली. पडद्यात माझा चेहरा अर्धाच दिसत होता, म्हणून लॅपटॉप सरळ करायला डावा हात पुढे केला. बंद.

बटण. परत जोडणी.

"बाबा, गेलात तुम्ही!"

"मी नाही गेलो, तो गेला."

दुसऱ्या वेळी कोटाबद्दल बोलता बोलता टेबलाला टेकलो. बंद. तिसऱ्या वेळी लेकच म्हणाली, "बाबा, तुम्ही पुतळ्यापाशी असता तेव्हा सगळं ठीक असतं. जवळ आलात की जातो."

"म्हणजे मी त्याला आवडत नाही, असंच ना?"

लेक हसली. ही हसली नाही. पुतळ्यामागून ही बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. मनगटी किती मळलीय हो. द्या इकडे, नमदा बदलून देते. समितीपुढे अशी घालून उभे राहणार का?"

सुचलं तिला, हे विशेष. दिली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

विजय! काल आणि आज लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. दोन्ही दिवस मी त्याच्यावर भरपूर काम केलं, मुलाखतीत काय बोलायचं ते सगळं लिहून काढलं.

कारण माझ्याच प्रयोगात सापडलं. काल सकाळी मी लॅपटॉपखाली अस्तराच्या कापडाची चौपदरी घडी घातली. टेबलाची सूक्ष्म थरथर लॅपटॉपला लागत असणार. शिलाईयंत्राची धडधड जमिनीतून टेबलात, टेबलातून लॅपटॉपात. हे त्या दोन चष्मेवाल्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. कारण त्याच्याकडे शिलाईयंत्र नाही.

हिला सविस्तर समजावून सांगितलं. ही ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे कापडाने थांबलं?"

"कापडाने."

"आणखी काही बदललं नाही ना? विचार करा बरं."

"अगं, प्रयोग म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी फक्त कापड घातलं."

"हो का," म्हणाली, आणि मनगटीवर नमदा शिवत बसली. सावकाश शिवतेय. एरवी तासाभराचं काम.

रविवार, १६ फेब्रुवारी

मनगटी तयार झाली. ही म्हणत होती, नमद्याखाली लावलेला डिंक ओला आहे, मुलाखतीच्या दिवशीच घाला. पण नवी करकरीत मनगटी खुंटीवर ठेवून कोण बसेल? बांधली.

अस्तराची घडी होती. चौपदरीची आठपदरी केली. तरीही दुपारपर्यंत चार वेळा बंद.

याहून वाईट म्हणजे संध्याकाळी जे कानावर पडलं ते. दुकानाच्या मागच्या खोलीत ही फोनवर लेकीशी बोलत होती. मी दोऱ्याची रिळं मोजत होतो, चोरून ऐकत नव्हतो.

"अगं, सांगू कसं? सांगितलं तर आधी मानायचेच नाहीत. मग मानतील आणि दिवसभर तोंड उतरवून बसतील. बुधवार आला तोंडावर." मग थोडं थांबून, "नाही, तू पण बोलू नकोस. त्यांचं त्यांना कळेल तेच बरं. किती जीव आहे त्यांचा त्याच्यात."

माझ्या हातातलं रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं.

समजायला पदवी लागत नाही. लेकीला कुठूनतरी कळलंय. जागा दुसऱ्या कोणाला आधीच दिलेली आहे. प्रमाणपत्रवाल्याला. मुलाखत नुसती नावाला, आणि दोघी मला बुधवारपर्यंत जपतायत.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काल जेवण गेलं नाही. आज ठरवलं की हसं करून घेण्यापेक्षा आपणच नाव मागे घ्यावं. कोट अंगावर बसत नसेल तर तो गिऱ्हाइकाने परत करण्याआधी आपणच उसवावा.

लॅपटॉप उघडला. लिहिलं, 'महोदय, काही घरगुती कारणास्तव मी माझा अर्ज' आणि बंद.

बटण. 'अर्ज मागे' बंद.

बटण. 'मागे घेत' बंद.

मी चक्क हसलो. नोकरी मिळू देत नाही ते एक, सोडूही देत नाही! हिने मागून येऊन पडद्यावर वाचलं. तिचा चेहरा एकदम पडला.

"हे काय लिहिताय?"

"जे तुम्ही दोघी मला सांगत नाही, ते मला कळलंय."

"काय कळलंय?"

"जागा भरलेली आहे. कबूल कर."

"तुमच्या लेकीची शपथ," म्हणाली, "असलं काही नाही. आम्ही दुसरंच बोलत होतो."

"काय?"

"ते... सांगेन. परवा." आणि लॅपटॉप मिटून काखेत मारून घेऊन गेली. "आज याला हात लावायचा नाही. त्याचं काय दुखतंय ते उद्या बघू."

शपथ घेतली म्हणजे खोटं नसावं. ती सहसा शपथ घेत नाही. दुकान बंद करताना मनगटी काढून खुंटीला अडकवली आणि वर घरी गेलो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सापडलं! केवळ निरीक्षणाच्या जोरावर! घाईत अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी दाढी करत होतो. खालून हिची हाक, "अहो, लवकर या! माझ्यासमोर पण बंद पडला!"

अर्धा गाल साबणात घेऊन खाली धावलो. कापणीच्या टेबलावर लॅपटॉप उघडा, पडदा काळा, दिवा डोळा मारतोय. ही दोन्ही हात वर करून लांब उभी, चोर पकडल्यासारखी. "मी हात पण लावला नाही," म्हणाली. "नुसती बघत होते."

मी बघितलं. लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर, जिथे माझं मनगट टेकतं नेमकं तिथे, मनगटी पडलेली.

उचलली. बटण दाबलं. चालू. ठेवली. बंद. उचलली, बटण, चालू. ठेवली, बंद. अस्तराची घडी काढून फेकली, फरक नाही. मी दहा वेळा तरी केलं असेल. साबण गालावर वाळून गेला.

"मनगटी!" मी ओरडलो. "अगं, मनगटी!"

"अगंबाई," ही म्हणाली. "हे मला जन्मात सुचलं नसतं."

लगेच लेकीला फोन. तिने एका दमात सांगितलं, जसं पाठच करून ठेवलं होतं. झाकणात एक छोटं लोहचुंबक असतं. झाकण मिटलं की ते खालच्या कडेतल्या एका बारीक तुकड्याला जाणवतं, आणि लॅपटॉप समजतो की मालकाने आपल्याला मिटलं, आता झोपावं. माझं स्पीकरमधलं चुंबक झाकणातल्यापेक्षा कितीतरी दांडगं. मी हात टेकवला की बिचारा आज्ञाधारकपणे झोपत होता. बिघडत नव्हता तो, झोपत होता. मीच त्याला झोपवत होतो आणि मीच त्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

यात चूक कोणाची? लॅपटॉप बनवणाऱ्याने शिंप्याचा विचारच केलेला नाही, हे माझं मत कायम आहे. आणि तो दुरुस्तीवाला 'तुमच्याकडूनच काहीतरी' म्हणाला होता, पण ते अंदाजपंचे. पुरावा मी दिला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मुलाखत झाली. सविस्तर लिहितो.

मनगटी दुसऱ्या खोलीत ठेवली होती. लॅपटॉप शेवटपर्यंत जागा. पण डावं मनगट इतकं हलकं लागत होतं की हात दुसऱ्याचाच वाटत होता. समितीत तिघे. दोघे पुरुष काही बोलले नाहीत, मधल्या बाईंनीच सगळं विचारलं. पांढरे केस, सुरेख बसलेली कॉलर, मी आधी ती पाहिली.

कोटाचा खांदा दाखवायला लागलो आणि सवयीने टाचणी मनगटाकडे भिरकावली. खळ्कन जमिनीवर. दुसरी, तीच गत. मग सुरुवातीच्या काळात करायचो तसं चार टाचण्या ओठांत धरल्या. बाईंनी प्रश्न विचारला. उत्तर द्यावं तर टाचण्या गिळणार.

इतक्यात ही पुढे आली. समितीकडे बघितलंही नाही. माझ्या तोंडातून टाचण्या काढून घेतल्या, डबी हातात धरली आणि शेजारी उभी राहिली. त्यानंतर मी नुसता हात पसरायचो, टाचणी त्यात यायची. पुढेपुढे तर पसरायच्या आधी. मनगटीपेक्षा जलद.

"तुमचे गुरू कोण?" बाईंनी विचारलं.

"जुने कोट. उसवून शिकलो. कोणी शिकवलं नाही."

"मग शिकवणार कसं? समजा, शिकणारा चुकतोय, पण मानत नाही. त्याला वाटतं, दोष कापडात आहे, कैचीत आहे, टेबलात आहे. त्याचं काय कराल?"

हे मी लिहून ठेवलेल्या उत्तरांत नव्हतं. पण कुठून कोण जाणे, आतून आपसूक आलं. मी म्हणालो, "सांगणार नाही, बाई. सांगितलं की माणूस भांडतो. पोराने स्वतः पाहावं अशा जागी, त्याच्या नजरेसमोर, त्या चुकीचं मूळ आणून ठेवीन. आणि आपण लांब उभं राहायचं. त्याला सापडलं की ओरडेल तो. ओरडू द्यायचं. वर म्हणायचं, हे मला सुचलं नसतं. मग ते शिकणं त्याचं झालं, जन्मभर विसरणार नाही."

शेजारी खळ्ळकन आवाज. हिच्या हातातली डबी पडली होती. टाचण्या सगळीकडे, आणि ही पुतळ्याच्या कोटात तोंड लपवून हसतेय, खांदे हलतायत. मुलाखतीच्या ऐन मोक्याला! मी डोळे वटारले. मधल्या बाई मात्र माझ्याकडे नव्हे, हिच्याकडे बघत होत्या. आणि त्याही हसू दाबत होत्या.

मुलाखत संपल्यावर म्हटलं, "हसायला काय झालं?"

"काही नाही हो. फार छान बोललात."

सोमवार, २४ फेब्रुवारी

नेमणूक झाली. पत्र आलं. मधल्या बाईंनी फोनही केला. म्हणाल्या, "टाचण्या देणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशी सोबत आणा." पाहुणी म्हणून म्हणत असतील. लेक फोनवर रडली आणि हसली, दोन्ही एकदम. दुकान संध्याकाळचं चालू ठेवणार आहे, पायमोड तर पायमोड.

दैनंदिनीचं काम इथे संपलं. एक गोष्ट तेवढी जुळत नाही, आणि न जुळणारी गोष्ट मी सोडत नाही.

सतरा तारखेला दुकान बंद करताना मी मनगटी खुंटीला अडकवली होती. वरच्या नोंदीत तसं स्पष्ट लिहिलंय. खुंटी दाराजवळ, टेबल खिडकीपाशी. मग अठराच्या सकाळी ती लॅपटॉपवर, नेमकी त्या डाव्या कोपऱ्यावर, आली कशी?

आत्ता हिला विचारलं. ही काजं करत बसलीय. मान वर न करता म्हणाली, "वाऱ्याने पडली असेल."

"अगं, आतलं चुंबकच केवढं जड आहे! आणि खुंटी कुठे, टेबल कुठे!"

"मग जोराचा वारा असेल."

मी दारापासून टेबलापर्यंत चालून पाहिलं. खिडक्या पाहिल्या, त्या रात्रभर बंद असतात. परत आलो तर ही दोरा दाताने तोडत होती आणि ओठांच्या कडा काही केल्या सरळ राहत नव्हत्या.

बुधवारी मधल्या बाईंना जे उत्तर दिलं, ते मी या वहीत लिहून ठेवलंय. आत्ता पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा, सावकाश.

असो. वारा होता, अशी नोंद करतो. पहिल्या दिवशी त्याला सोबत न्यायचं आहे.